पाण्यातले विष कोळसा शोषेल. पण तो कोळसा उचलणार कोण?

धायरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. जानेवारी २०२५ मध्ये ही नावे देशभरच्या बातम्यांत झळकली. गिया बारे सिंड्रोम हे उच्चारायलाही अवघड असलेले नाव तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या पोराटोरांच्या तोंडी बसले. आधी जुलाब, मग पायांतली ताकद जाते, मग हात, मग काहींना श्वासासाठी यंत्र. पुणे परिसरात रुग्णांचा आकडा दोनशेच्या आसपास गेला, माणसे दगावली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोघांचाही रस्ता एकच, दूषित अन्न आणि दूषित पाणी. मग महापालिका जागी झाली. विहिरी तपासल्या गेल्या, वीस लिटरचे जार विकणाऱ्या खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने घेतले गेले, त्यांतल्या अनेकांना टाळे लागले. म्हणजे नळाचे पाणी नको म्हणून गोरगरिबांनी पदरचे पैसे मोजून जे "शुद्ध" पाणी विकत घेतले, तेही पिण्यालायक नव्हते.

त्यानंतर आमच्या भागात उपायांचा बाजार भरला. कोणी घरगुती फिल्टर विकतो, कोणी सोसायट्यांना यंत्रे विकतो. आणि आता सुशिक्षितांच्या बैठकांत एक नवा शब्द फिरू लागला आहे : बायोचार. शेतातला पालापाचोळा, उसाचे पाचट, भाताचा तूस, नारळाच्या करवंट्या कमी हवेत भाजायच्या, कोळसा करायचा आणि त्यातून सांडपाणी गाळायचे. जड धातू, औषधांचे अंश, रंग, साबणाचा फेस, सगळे एका दमात शोषले जाईल. स्वस्त, हिरवे, गावठी, वर कार्बन जमिनीत गाडल्याचे पुण्य. मग ड्रेनेजच्या मोठ्या लाइनी कशाला आणि शेकडो कोटींचे प्रकल्प कशाला, असा प्रश्नही लगोलग विचारला जातो.

आम्ही बायोचारचे शत्रू नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्याला विकासविरोधी ठरवण्याची घाई असते. ही वस्तू खरी आहे. साडेतीनशे ते सातशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान, हवा कोंडून, वनस्पतीचा भाग तापवला की राख होत नाही, कोळसा होतो. त्याच्या अंगावर असंख्य बारीक छिद्रे असतात. एका ग्रॅमच्या पोटात शेकडो चौरस मीटरचा पृष्ठभाग असू शकतो. या पृष्ठभागावर पाण्यातले पदार्थ चिकटून बसतात. शिसे, तांबे, कॅडमियम यांसारखे धनभारित धातू तिथल्या ऋणभारित जागांकडे ओढले जातात. काही औषधांचे आणि कीटकनाशकांचे रेणू कोळशाच्या कर्बवलयांना चिकटतात. यात जादू नाही, आणि हे धायरीला परकेही नाही. उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याच्या तंत्रासाठी २००२ मध्ये ज्या संस्थेला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला, ती डॉ. आनंद कर्वे यांची आरती ही संस्था, तिने धायरीगावच्याच पत्त्यावरून वर्षानुवर्षे काम केले. तिचा कोळसा चुलीसाठी होता, पाण्यासाठी नव्हता. पण पाचट शेतात पेटवून देण्यापेक्षा त्याचे काहीतरी करावे ही बुद्धी शहाणपणाची होती, आणि ती मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही.

आमचे भांडण या कोळशाच्या नावाखाली जे लपवले जाते त्याच्याशी आहे.

पहिली गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये आमची माणसे ज्या कारणाने आजारी पडली त्याला बायोचार हे उत्तरच नाही. तो रोग जंतूंनी पसरवला. नांदेडच्या ज्या विहिरीचे नाव तेव्हा गाजले तिचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसते क्लोरीन टाकून गावांना दिले जात होते. अशा वेळी पहिला इलाज म्हणजे गाळलेले, पुरेसे क्लोरीन मिसळलेले पाणी, आणि पिण्याच्या नळाजवळून जाणारी सांडपाण्याची फुटकी लाइन बदलणे. साधा कोळसा जंतू मारत नाही. उलट एक गोष्ट फिल्टर विकणारे कधी सांगत नाहीत : चांगला कोळसा पाण्यातले क्लोरीनही काढून टाकतो. म्हणजे घरातल्या पिंपापर्यंत पाण्याचे रक्षण करणारा शेवटचा पहारेकरी कोळशाने हाकलला, आणि ओल्या कोळशाच्या छिद्रांत जंतूंना राहायला ऐसपैस जागा करून दिली. वेळच्या वेळी न बदललेला कोळशाचा फिल्टर हे जंतूंचे वसतिगृह असते. वस्तीत फिल्टर वाटून फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावे. फिल्टर वाटणारा पुढारी पुढच्या निवडणुकीला येतो, त्यातला कोळसा बदलायला कोण येतो?

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. इथे बायोचारला खरे काम आहे, पण इथेच खोटेपणाही जास्त आहे. आमच्या नाल्यात काय वाहते ते पाहा. घराघरांतले मैलापाणी. साबण आणि त्यातले फॉस्फेट. दवाखान्यांची आणि घरांची औषधे. नऱ्हे–धायरी पट्ट्यातल्या लहान लहान शेडमधले तेल, ग्रीस, धातू धुतलेले पाणी. गॅरेजचे पाणी. पावसाळ्यात रस्त्याची सगळी घाण. हे मिश्र प्रदूषण आहे. प्रयोगशाळेत मात्र बहुतेक वेळा काय होते? शुद्ध पाण्यात एकच धातू मोजून टाकतात, त्यात कोळसा ढवळतात आणि नव्वद-पंच्याण्णव टक्के धातू निघाला म्हणून निबंध छापतात. निबंध खोटा नसतो. पण नाला म्हणजे काचेचा चंचूपात्र नव्हे.

मिश्र पाण्यात कोळशाच्या जागांसाठी मारामारी होते. शिसे आणि तांबे सहसा दांडगे असतात. जस्त, निकेल, कॅडमियम त्यांच्यापुढे दुबळे पडतात. आधी येऊन बसलेल्या जस्ताला मागून आलेले शिसे उठवते. कोळशाच्या थरातून सतत पाणी वाहत असेल तर अशीही वेळ येते की बाहेर पडणाऱ्या पाण्यात जस्त आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असते. गाळणीच तेवढ्यापुरती प्रदूषक होते! (आधी बसलेल्या दुबळ्याला उठवून दांडग्याने जागा बळकावणे, हा प्रकार आमच्या वाचकांना रसायनशास्त्राशिवायही कळतो.) त्यात मैलापाण्यातले सेंद्रिय पदार्थ छिद्रांची तोंडेच बुजवतात. आणि क्रोमियमचा सर्वांत विषारी अवतार, म्हणजे मुलामा देण्याच्या कामातून येणारे षट्संयुजी क्रोमियम, पाण्यात ऋणभारित असते. आर्सेनिक, फॉस्फेट, नायट्रेट यांचेही बहुधा तसेच. साध्या बायोचारचे अंगही ऋणभारित. दोघे एकमेकांना ढकलतात. म्हणून मग कोळशाला लोहाचा, मॅग्नेशियमचा, मातीच्या खनिजांचा लेप द्यावा लागतो. लोहाचा लेप दिलेला कोळसा चुंबकाने परत गोळा करता येतो, तो धातू आणि फॉस्फेट दोन्ही धरू शकतो, हे संशोधन महत्त्वाचे आहे आणि व्हायलाच हवे. पण लेप दिला की तो "पालापाचोळ्याचा फुकट कोळसा" राहत नाही. त्याला रसायने लागतात, कारखाना लागतो, आणि त्या कारखान्याचेही सांडपाणी असते.

आता जरा हिशेब करू. भाषणांत हिशेब नसतो, म्हणून तो आपण करायचा. एक लिटर सांडपाण्याला एक ग्रॅम कोळसा, असे सवलतीचे प्रमाण धरा. दहा लाख लिटर पाण्याला, म्हणजे एक एमएलडीला, रोज एक टन कोळसा लागेल. पुण्यात जायकाच्या कर्जातून उभारायच्या अकरा केंद्रांची एकूण क्षमता ३९६ एमएलडी. म्हणजे रोज ३९६ टन. कोरड्या पाल्यापासून कोळसा मिळतो तो साधारण पाव ते एक-तृतीयांश वजनाचा. हेक्टरी दहा टन पाचट धरले तर एका एमएलडीला वर्षभर पुरेल इतक्या कोळशासाठी सव्वाशे-दीडशे हेक्टर उसाचे सगळे पाचट लागते. ३९६ एमएलडीला पन्नास हजार हेक्टरांच्या आसपास. दरवर्षी. ड्रेनेज लाइन आणि जैविक प्रक्रियेला पर्याय म्हणून बायोचार सुचवणाऱ्यांनी हे पन्नास हजार हेक्टर कुठले ते सांगावे. प्रक्रिया झालेल्या पाण्याला शेवटचा हात म्हणून, लहान नाल्याकाठच्या पाणवनस्पतींच्या वाफ्यात भरण म्हणून, एखाद्या शेडसमूहाच्या धातूयुक्त पाण्यासाठी त्याच्या दारातच, अशा ठिकाणी हा हिशेब बसतो. शहराच्या मैल्यासाठी तो बसत नाही.

आणि हिशेबाच्या या वहीत माणसे अजून आलेलीच नाहीत.

महाराष्ट्रात कोळसा कोणी पाडला? कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी पाडतात. पावसाळा संपला की उचल घ्यायची, कुटुंब घेऊन भट्टीवर जायचे, धुरात राहायचे, आणि उन्हाळ्याअखेरीस हिशेब केला की उचल फिटलेली नसायची. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे, तरी ही उचल सुरूच राहिली. उसाचे पाचट कोण गोळा करणार? कोयता घेऊन जाणारीच माणसे, ज्यांच्यात दलित, भटके-विमुक्त, वंजारी, मराठवाड्यातले भूमिहीन आहेत. आता याच कोळशाला "बायोचार" हे गोंडस नाव मिळाले आहे आणि त्यावर कार्बन क्रेडिट विकता येते. क्रेडिट कोणाच्या खात्यावर जमा होईल आणि कार्बन मोनॉक्साइड कोणाच्या छातीत, हे सांगायला ज्योतिषी नको. भट्टीची रचना बंदिस्त नसेल, धूर परत जाळला जात नसेल, तर हा पर्यावरणाचा उद्योग म्हणजे जुन्याच भट्टीवर नवी पाटी. पाला पुरेना झाला की लागवडीसाठी पडीक जमिनी मागितल्या जातील, आणि "पडीक" म्हटले की सरकारला गायरान दिसते. त्या गायरानांसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये आपल्या आज्या-आजोबांनी तुरुंग भरले होते, हे नव्या पिढीला माहीत असायला हवे.

पण आमचा मुख्य सवाल भट्टीच्या पुढचा आहे. विष शोषून भरलेला कोळसा जातो कुठे?

शोषणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. शिसे नष्ट होत नाही, क्रोमियम नष्ट होत नाही. ते पाण्यातून निघून कोळशात येतात, एवढेच. पाण्यात विरळ असलेले विष कोळशात दाट होते. तो कोळसा धुऊन पुन्हा वापरायचा तर आम्ल लागते, आणि ते आम्लाचे पाणी आता धातूंनी भरलेले असते. धुतला नाही तर रोज टनावारी ओला, काळा, विषारी चिखल. नियमाने पाहिले तर धातूंनी भरलेला असा कचरा २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत बसू शकतो. तसे असेल तर त्याला रांजणगावसारख्या ठिकाणच्या सामायिक व्यवस्थेत पाठवायला हवे, वजन करून, नोंद करून, पैसे भरून. व्यवहारात काय होईल? सोसायटीचा ठेकेदार म्हणेल, खत आहे, नेऊन टाक. आणि तो टाकणारा, टाकीत उतरून ते काढणारा, घमेल्याने उचलणारा पोरगा कुठल्या वस्तीतून येईल हे आम्ही न विचारता सांगतो. कारण आजही तो तिथूनच येतो. २०२२ मध्ये याच पुणे जिल्ह्यात लोणी काळभोरला आणि वाघोलीला मैल्याच्या टाक्यांत माणसे गुदमरून मेली. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबाला दहा लाख द्या म्हटले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली. टाकीत उतरणाऱ्याची जात बदलली नाही.

काही जण आणखी एक पाऊल पुढे जातात : मैल्याच्या गाळाचाच बायोचार करा. यात एक चांगली गोष्ट आहे, भाजल्यावर रोगजंतू मरतात. पण गाळातले बहुतेक जड धातू जळत नाहीत. वजन घटते, धातू उरतात, म्हणजे किलोमागे अधिक होतात. असा कोळसा तपासल्याशिवाय शेतात टाकणे म्हणजे शहराने आपली घाण गावाच्या ताटात वाढणे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीने पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे पोटात घेतला. कचऱ्यातून झिरपलेल्या काळ्या पाण्याने तिथल्या विहिरी नासल्या, लोक रस्त्यावर उतरले. तो कचरा "शास्त्रीय पद्धतीने" टाकला जातो असे तेव्हाही सांगितले जात होतेच. शहर शुद्ध होते तेव्हा कोणता तरी गाव अशुद्ध होत असतो. आणि त्या गावातही ती घाण जाते गावाच्या खालच्या अंगाला, जिथे आपण असतो.

"शुद्ध" या शब्दाचा आम्हाला मुळातच संशय आहे, आणि त्याला कारण आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला मान्यता दिली. कागदावर तळे खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सवर्णांनी त्या तळ्याचे "शुद्धीकरण" केले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी तळ्याचा बीओडी वाढवला! जनावरे त्या तळ्यात आधीही पाणी पीत होती, गावची घाण त्यात जात होती, तेव्हा ते शुद्ध होते. माणसाने स्पर्श केला आणि ते बाटले. पुढे दहा वर्षे खटला चालून १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी याच पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पाणी तेच, पण कोणाच्या हातचे आणि कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न पुण्याला नवा नाही.

आता आपल्याच माणसांशी थोडे भांडायचे आहे. चळवळीतले काही सहकारी म्हणतात, हे बायोचार-फायोचार एनजीओवाल्यांचे आणि उच्चजातीय पर्यावरणवाद्यांचे खूळ आहे, आपण त्यात कशाला पडायचे? आपला विषय आरक्षण, अत्याचार, संविधान. आम्हाला हे अजिबात पटत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा ज्यांना तोंडपाठ आहे त्यांनी १९८९ चा मूळ मजकूर पुन्हा उघडून पाहावा. अनुसूचित जाती-जमातीचे लोक नेहमी वापरतात त्या झऱ्याचे, तलावाचे वा इतर साठ्याचे पाणी दूषित करणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. ज्यांनी तो कायदा लिहिला त्यांना माहीत होते की पाणी नासवणे हे अत्याचाराचे हत्यार असते. आणि बाबासाहेबांबद्दल बोलायचे तर, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेचा पाया घातला, केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा केला. अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा हा माणूस पुराचे आणि विजेचे आकडे घेऊन अभियंत्यांसमोर बसत होता. "हे तांत्रिक आहे, आपल्याला काय कळते" असे म्हणून ते उठून गेले नाहीत. ज्या दिवशी आपण विज्ञान त्यांच्यावर सोपवतो, त्या दिवशी घमेले आपल्याकडे येते.

उलट बाजूच्या मंडळींनाही विचारायचे आहे. धायरी ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे २०२१ मध्ये आली. मालमत्ता कराची बिले आली. जायकाबरोबरचा मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रणाचा करार मात्र जानेवारी २०१६ चा, ९९० कोटींचा. म्हणजे त्या अकरा केंद्रांचा आराखडा ठरला तेव्हा धायरी महापालिकेच्या नकाशावर नव्हतीच. त्यांतले एक केंद्र शेजारच्या वडगाव बुद्रुकला आहे. आमच्या गल्लीबोळातला मैला तिथवर नेणारी लाइन कुठे आहे, किती क्षमतेची आहे, हे सांगा. नदीकाठ सुशोभित करण्याच्या ४४ किलोमीटरच्या प्रकल्पासाठी हजारो कोटींचा आराखडा तयार होतो. काठ सजवायला पैसे आहेत आणि काठापर्यंत येणारा मैला अडवायला कोळसा पुरेल असे सांगता? पुण्याच्या एखाद्या जुन्या पेठेत किंवा कोथरूडला ड्रेनेज न टाकता बायोचारची पिंपे ठेवून दाखवा, मग आम्हीही विचार करू.

म्हणून आमची भूमिका सरळ आहे. लाइन आधी. पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण केंद्र आधी, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे वस्तीत, क्लोरीन किती उरले याची रोजची नोंद चौकातल्या फळ्यावर. ज्या शेडमधून धातूचे पाणी येते त्या शेडच्या दारातच त्यावर प्रक्रिया. ते मैलापाण्यात मिसळल्यावर ना जैविक प्रक्रिया नीट चालते ना कोळसा पुरतो. हे झाल्यावर बायोचारचा प्रयोग जरूर करा, धायरीतच करा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आघारकर संस्था आहे, विद्यापीठ आहे. त्यांनी काचेच्या भांड्यातून उठून आमच्या नाल्याचे खरे पाणी घ्यावे आणि पावसाळा-उन्हाळा दोन्ही धरून वर्षभराचे आकडे मराठीत जाहीर करावेत. कोणता धातू कधी सुटून परत पाण्यात आला हेही त्यात असावे. भट्टी बंदिस्त हवी, आणि तिच्यावरचा कामगार कायम, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, आरोग्य तपासणी यांसह. कोळसा बदलण्याचे काम यंत्राने होईल अशीच रचना मंजूर करावी. ज्या टाकीत माणसाला उतरावे लागते ती टाकी मंजूरच होता कामा नये. आणि कार्बन क्रेडिटचा पैसा आला तर त्याचा वाटा पाला गोळा करणाऱ्याच्या मजुरीत दिसला पाहिजे, कंपनीच्या अहवालातल्या फोटोत नको.

आपल्या आंबेडकरी तरुणांत रसायनशास्त्र शिकलेली, सिव्हिलची पदविका घेतलेली, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून राबणारी कितीतरी मुले-मुली आहेत. जयंतीच्या वर्गणीतून एक रुपया बाजूला काढला तरी क्लोरीन तपासायचे साधे किट प्रत्येक विहारात ठेवता येते. थेंब टाकायचे, रंग पाहायचा, तारीख-वेळ-ठिकाण वहीत लिहायचे. महिनाभराची वही हातात असली की वॉर्ड ऑफिसातला साहेब "पाणी चांगलेच आहे" म्हणताना आधी वहीकडे पाहतो.

आणि सोसायटी असो की महापालिका, बायोचारचा किंवा दुसऱ्या कोणत्याही गाळणीचा प्रकल्प तुमच्या भागात आला की माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत. खासगी सोसायटीची माहिती महापालिकेच्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीच्या कागदांतून मागा. क्षमता किती, खर्च किती, ठेकेदार कोण, एवढ्यावर थांबू नका. वापरलेला कोळसा दर महिन्याला किती किलो निघाला, तो कोणत्या वाहनाने कुठे गेला, तिथली पोच कुठे आहे, आणि तो काढण्यासाठी नेमलेल्या कामगारांना कोणती सुरक्षा साधने कोणत्या तारखेला दिली, हे चार मुद्दे वेगवेगळे लिहा. एकत्र लिहिले तर एकाच ओळीत उत्तर येते.

जयभीम.